बोटांच्या ठशांवरून क्रिएटिव्हिटी सांगणारी डीएमआयटी टेस्ट: आमचा अनुभव, ५ पैकी २ स्टार

आधीच सांगते, सेंटरचं नाव लिहिणार नाहीये, कारण प्रश्न एका सेंटरचा नाही. पुणे, नाशिक, ठाणे, कोल्हापूर, कुठेही जा, डीएमआयटी म्हणजे डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट या नावाखाली साधारण हाच रिपोर्ट मिळतो आणि साधारण हेच दावे असतात. आमच्या ताईने माझ्या भाचीसाठी ही टेस्ट बुक केली होती. भाची आता नववीत आहे, दहावीनंतर काय हा विषय घरात रोज निघतो, आणि ताईच्या सोसायटीतल्या दोन-तीन जणींनी मुलांची टेस्ट करून घेतली होती. मी ज्युनिअर कॉलेजला सायकॉलॉजी शिकवते म्हणून ताई म्हणाली तू पण चल सोबत, तुला कळेल ते काय सांगतात ते. त्यामुळे मी पहिल्यापासून शेवटपर्यंत तिथे होते आणि रिपोर्टचं पानन् पान वाचलंय. साडेचार हजार रुपये लागतात, इतर पालकांनी भरण्याआधी हे वाचावं असं मनापासून वाटतं म्हणून सविस्तर लिहितेय, मोठं झालंय, सांभाळून घ्या.

सर्व्हिस म्हणून बघितलं तर तक्रारीला जागा कमी आहे. अपॉइंटमेंट वेळेवर मिळाली, जागा स्वच्छ, मुलांशी बोलायची पद्धत छान. एका टेबलावर छोटा फिंगरप्रिंट स्कॅनर, आधार सेंटरवर असतो तसला, लॅपटॉपला जोडलेला. दहाही बोटांचे ठसे घेतात आणि एकेका बोटाचे तीनदा, सरळ, मग डावीकडे कलवून, मग उजवीकडे कलवून, म्हणजे कडेच्या रेषा पण याव्यात. भाचीच्या बोटांना माती कालवून कालवून भेगा पडल्यात (माती कशाला ते पुढे सांगते), त्यामुळे दोन बोटं स्कॅनर घेतच नव्हता, तर तिथल्या मुलाने न कंटाळता ओल्या टिश्यूने पुसून पुसून परत परत घेतले. मग तळहाताचा ठसा, त्यावर तीन बिंदू जोडून एक कोन मोजतात, त्याला एटीडी अँगल म्हणतात. अर्ध्या-पाऊण तासात सगळं झालं. आठवड्याभराने रिपोर्ट आणि त्यावर तासभर काउन्सेलिंग.

रिपोर्ट दिसायला भारी आहे. स्पायरल बाइंडिंग, गुळगुळीत कागद, पानापानावर रंगीत चार्ट. कुठल्या बोटावर शंख, कुठल्यावर चक्र, कुठल्यावर कमान ते पहिल्यांदा. मग प्रत्येक बोट मेंदूच्या एकेका भागाला जोडलेलं, अंगठा पुढच्या भागाला, करंगळी मागच्या भागाला, अशी वाटणी. डाव्या हाताच्या बोटांवरून उजवा मेंदू आणि उजव्या हाताच्या बोटांवरून डावा मेंदू. रेषा मोजायच्या, बेरीज करायची, टक्के काढायचे. भाचीचा डावा मेंदू ५६ टक्के, उजवा ४४ टक्के. पुढच्या पानावर ठळक अक्षरात, की ही मुलगी लॉजिकल थिंकर आहे, क्रिएटिव्हिटी आणि इमॅजिनेशन सरासरीपेक्षा कमी, त्यामुळे डिझाइन, फाइन आर्ट्स, अ‍ॅनिमेशन ही क्षेत्रं 'लेस रेकमेंडेड'. आणि तळाला एक वाक्य, ही टेस्ट आयुष्यात एकदाच करावी लागते कारण ठसे कधीच बदलत नाहीत.

माझा सगळा आक्षेप या शेवटच्या वाक्यावर आहे. ठसे बदलत नाहीत हे शंभर टक्के खरं आहे. पण क्रिएटिव्हिटी बदलते, दिवसागणिक बदलते, बसलेल्या माणसाची आणि चालणाऱ्या माणसाची वेगळी असते, रात्री नीट झोपलेल्याची आणि जागलेल्याची वेगळी असते, आणि हे प्रयोगांत मोजलेलं आहे. जी गोष्ट अशी हलती आहे ती आईच्या पोटात असताना कायमच्या छापल्या गेलेल्या रेषांवरून कशी काय मोजणार?

त्यांचा युक्तिवाद असा असतो की गर्भात त्वचा आणि मेंदू एकाच थरातून बनतात, एक्टोडर्ममधून, म्हणून बोटांच्या रेषा म्हणजे मेंदूचा नकाशा. पहिला अर्धा भाग बरोबर आहे. त्वचेचा वरचा थर आणि मज्जासंस्था दोन्ही एक्टोडर्ममधूनच येतात. पण केस, नखं आणि दातांवरचं एनॅमल सुद्धा तिथूनच येतं, म्हणून दात बघून कोणी मुलाला गणित येईल का सांगत नाही. बोटांच्या रेषा साधारण गर्भाच्या दहाव्या ते सतराव्या आठवड्याच्या दरम्यान घडतात आणि शंख होणार की चक्र हे बरंचसं बोटाच्या टोकाची गादी तेव्हा किती फुगीर आहे, आजूबाजूचा दाब कसा आहे, अशा गोष्टींवर अवलंबून असतं. एकसारख्या जुळ्या भावंडांचे जीन्स तेच असतात तरी ठसे वेगळे असतात, यावरूनच कळावं की यात योगायोगाचा वाटा केवढा आहे. डर्मॅटोग्लिफिक्स, म्हणजे बोटांच्या आणि तळहाताच्या रेषांचा अभ्यास, हे शास्त्र खोटं नाही हं, ते नाव हॅरोल्ड कमिन्स यांनी १९२६ मध्ये दिलं आणि डाउन सिंड्रोमसारख्या काही जनुकीय स्थितींमध्ये तळहाताच्या रेषांचा वैद्यकीय अभ्यास झालेला आहे. पण तिथून उडी मारून 'अ‍ॅनिमेशनला जाऊ नका' पर्यंत यायला मध्ये काहीच पूल नाहीये.

आणि हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता असंही नाही. ठशांचं शास्त्र ज्यांनी उभं केलं त्या फ्रान्सिस गॅल्टन यांना स्वतःलाच ठशांवरून माणसाची कुवत, स्वभाव कळेल अशी फार आशा होती, त्यांनी वेगवेगळ्या प्रकारच्या लोकांचे ठसे जमवून बघितले आणि काहीच सापडलं नाही असं १८९२ च्या आपल्या पुस्तकात सरळ लिहून टाकलं. (या विषयात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे, ठशांची वर्गवारी करायची पद्धत कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बसवली आणि जगातल्या पोलिसांनी ती उचलली. ओळख पटवायला ठसे अफलातून आहेत, वाद तो नाहीच.) इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटी या आपल्याकडच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही डीएमआयटीला वैज्ञानिक आधार नाही अशी भूमिका जाहीर केलेली आहे. आणि नावातलं 'मल्टिपल इंटेलिजन्स' मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांच्या १९८३ च्या, बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते या थिअरीतून उचललंय, त्या थिअरीत बोटांच्या ठशांचा कुठे संबंधच येत नाही.

आता उजवा मेंदू डावा मेंदू. हे प्रकरण जरा नीट सांगते कारण हे फक्त डीएमआयटीवाले बोलत नाहीत, शाळेच्या पालकसभेत, कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये, सगळीकडे ऐकू येतं की कलाकार लोक उजव्या मेंदूचे आणि इंजिनिअर डाव्या मेंदूचे. याचं मूळ खऱ्या संशोधनात आहे. रॉजर स्पेरी यांनी १९६० च्या दशकात अशा पेशंट्सवर प्रयोग केले ज्यांच्या मेंदूचे दोन अर्धे जोडणारा तंतूंचा जाड पट्टा, कॉर्पस कॅलोसम, तीव्र एपिलेप्सीमुळे ऑपरेशन करून कापलेला होता. तेव्हा दिसलं की भाषा बोलण्याचं काम मुख्यतः डावीकडे चालतं, आकार-जागा ओळखण्यात उजवी बाजू तरबेज आहे वगैरे. १९८१ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. पण ते ज्यांचा पट्टा कापलेला आहे त्यांच्याबद्दल होतं! आपल्या डोक्यात तो पट्टा शाबूत आहे, त्यात साधारण वीस कोटी तंतू आहेत आणि दोन्ही बाजू सतत एकमेकींशी बोलत असतात. काही कामं एका बाजूला जास्त चालतात हे खरं, पण म्हणून एखादा माणूस अख्खाच्या अख्खा उजव्या किंवा डाव्या मेंदूचा असतो असं निघत नाही. युटा विद्यापीठाच्या लोकांनी २०१३ मध्ये ७ ते २९ वयाच्या १०११ जणांचे मेंदूचे स्कॅन तपासले, कुणाचा डावा मेंदूच एकंदरीत जोरात, कुणाचा उजवाच, असं काही दिसतं का, तर नाही दिसलं.

हे सगळं मी ताईला गाडीत सांगत होते तेव्हा भाची मागच्या सीटवर गप्प बसून होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मावशी, म्हणजे माझा उजवा मेंदू खरंच कमी आहे का?" मला तिथे खरोखर राग आला, तिचा नाही, त्या पानाचा. या मुलीने गेली काही वर्षं मातीच्या बाहुल्या करून ताईच्या जुन्या मोबाइलवर छोट्या छोट्या स्टॉप-मोशन फिल्म्स केल्यात. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, परत हलवायची, परत फोटो. दहा सेकंदांच्या फिल्मला शंभराच्या वर फोटो लागतात. बोटांना भेगा त्यामुळेच पडल्यात, ज्या बोटांवरून तिला सांगितलं की तुला इमॅजिनेशन कमी आहे.

तिचाच एक किस्सा सांगते कारण क्रिएटिव्ह विचार डोक्यात कसा होतो याचं याहून चांगलं उदाहरण मला पुस्तकात मिळणार नाही. तिला बाहुलीची उडी दाखवायची होती. मातीची बाहुली हवेत थांबणार कशी? तिने दोरा बांधून लटकवली, दोरा दिसायला लागला. काचेच्या ग्लासवर ठेवली, ग्लास दिसला. तार खुपसली, बाहुली फाटली. दोन संध्याकाळी यातच गेल्या, चिडचिड, जेवण नको. तिसऱ्या दिवशी आईला दोरीवर कपडे वाळत घालायला मदत करत होती आणि एकदम ओरडली, "आडवी झोपवायची!" म्हणजे बाहुली जमिनीवर झोपवायची, खाली आकाशाचा निळा कागद, आणि मोबाइल वरून खाली बघत टांगायचा. मग उडी किती पण उंच घ्या, पडायचा प्रश्नच नाही. इतकी वर्षं सायकॉलॉजी शिकवते पण वर्गात शिकवायला इतकं चपखल उदाहरण हाताशी नव्हतं.

बघा काय झालं ते. ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्येच याचे चार टप्पे मांडले होते, आधी तयारी, मग विचार बाजूला पडून आत शिजत राहणं, मग अचानक उजेड पडणं, आणि शेवटी तपासून बघणं. लोकांना तिसरा टप्पाच आठवतो, 'सुचलं!' वाला. पण त्या दोन संध्याकाळच्या फसलेल्या दोऱ्या-तारांशिवाय तिसऱ्या दिवशी काही सुचलं नसतं. आणि अडचण कुठे होती तर 'बाहुली उभीच असते' हे डोक्यात घट्ट बसलेलं होतं. कार्ल डुंकर यांचा मेणबत्तीचा प्रसिद्ध प्रयोग आहे, १९४५ मध्ये इंग्रजीत आलेला: मेणबत्ती, काडेपेटी, टाचण्यांनी भरलेली खोकी, आणि मेणबत्ती भिंतीवर लावायची. खोकं रिकामं करून तेच भिंतीला टाचलं की झाला स्टँड, पण खोकं म्हणजे टाचण्या ठेवायचं हे डोक्यात इतकं बसलेलं असतं की बऱ्याच जणांना ते सुचत नाही. रिकामं खोकं वेगळं ठेवलं की पटकन सुचतं. अडकलेलं सुटणं म्हणजे बहुतेक वेळा आधीची मांडणी मोडणं.

आणि तो 'सुचलं'चा क्षण मेंदूत दिसतो सुद्धा. मार्क बीमन आणि जॉन कुनिओस यांच्या टीमने २००४ मध्ये लोकांना शब्दकोडी दिली, तीन शब्द द्यायचे आणि तिघांना जुळणारा चौथा शोधायचा, आणि त्या वेळी मेंदूचं रेकॉर्डिंग केलं. त्या धर्तीवर मी गाडीतच भाचीला एक कोडं घातलं: वीज, माज, देव. ती आधी विजेत अडकली, मग 'माज'वर हसली की याला काय जुळणार, दोन सिग्नल गेले, आणि मग एकदम "घर!" वीजघर, माजघर, देवघर. प्रयोगात असं एकदम उत्तर आलं की त्याच्या साधारण ०.३ सेकंद आधी उजव्या कानाच्या वरच्या भागात अतिवेगवान गॅमा लहरींचा झटका दिसायचा. त्याच्याही थोडं आधी मेंदूच्या मागच्या बाजूला, जिथे बघितलेलं पोचतं तिथे, संथ अल्फा लहरी वाढायच्या, जणू मेंदू बाहेरचं बघणं क्षणभर बंद करतोय. आता कुणी म्हणेल उजवी बाजू आलीच ना शेवटी! आली, पण एका छोट्या जागी, एका प्रकारच्या कोड्यासाठी, एका क्षणापुरती. त्याआधी तिन्ही शब्द वाचणं, अर्थ लावणं, चुकलेलं टाकणं आणि नंतर 'वीजघर म्हणतात ना?' तपासणं, हे सगळं काम मेंदूभर पसरलेलं असतं.

गेल्या वीसेक वर्षांत चित्र अजून स्पष्ट झालंय आणि मला स्वतःला ते फार सुंदर वाटतं. मार्कस रेकल यांनी २००१ मध्ये मेंदूच्या एका जाळ्याला डिफॉल्ट मोड असं नाव दिलं, आपण काही विशेष करत नसतो, मन भटकत असतं, आठवणी आणि 'असं झालं तर' चालू असतं, तेव्हा ते जागं असतं. दुसरं एक जाळं लक्ष देऊन, ठरवून काम करताना जागं होतं, त्याला एक्झिक्युटिव्ह कंट्रोल म्हणतात. साधारणपणे एक वर गेलं की दुसरं खाली येतं. पण रॉजर बीटी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १६३ जणांना स्कॅनरमध्ये झोपवून साध्या वस्तूंचे वेगळे उपयोग सुचवायला सांगितले तेव्हा ज्यांच्या कल्पना जास्त वेगळ्या होत्या त्यांच्यात ही दोन जाळी एकत्र काम करताना दिसली, आणि मध्ये तिसरं एक, यातलं महत्त्वाचं काय ते टिपणारं, सॅलियन्स नेटवर्क. म्हणजे भटकणारं मन आणि आवर घालणारं मन, दोघांची देवाणघेवाण. भाचीच्या फिल्ममध्ये तेच आहे की! बाहुली आकाशात उडेल ही कल्पना भटकणाऱ्या मनाची, आणि शंभर फोटो न चुकता काढणं हे दुसऱ्याचं. तिला 'लॉजिकल आहेस म्हणून क्रिएटिव्ह नाहीस' सांगणं हे या सगळ्या संशोधनाच्या बरोब्बर उलट आहे.

काउन्सेलिंगच्या वेळी मी विचारलं की क्रिएटिव्हिटीचा आकडा दिलात पण तिला तुम्ही काही करायला दिलंच नाही, एक चित्र नाही, एक प्रश्न नाही. उत्तर आलं की ही 'इनबॉर्न' क्रिएटिव्हिटी आहे, टेस्टमध्ये मूल घाबरलं तर खोटा निकाल येतो, ठसे खोटं बोलत नाहीत. ऐकायला पटतं. पण जगभर ज्यांनी हे गांभीर्याने मोजायचा प्रयत्न केला त्यांनी माणसाला काहीतरी करायला देऊनच मोजलंय. जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष म्हणून भाषण करताना सगळ्यांना सांगितलं की आपण या विषयाकडे दुर्लक्ष केलंय, आणि मग एका प्रश्नाची अनेक उत्तरं शोधणारा विचार मोजायच्या चाचण्या आल्या. विटेचे उपयोग सांगा, त्यातली प्रसिद्ध. किती सांगितले, किती वेगवेगळ्या प्रकारचे, इतरांना न सुचलेले किती, किती तपशिलात, असे मार्क. पॉल टॉरन्स यांनी १९६६ मध्ये मुलांसाठी चाचण्या काढल्या आणि मुलांचा पुढे मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. या चाचण्यांवरही टीका आहे, विटेचे वीस उपयोग सांगणारा उद्या चांगली कादंबरी लिहील असं काही नाही, पण निदान मूल विचार करतं आणि तो विचार आपण बघतो. स्कॅनरवर बोट ठेवताना भाची चक्क खिडकीबाहेर बघत होती.

आणि हलती गोष्ट म्हणाले ना, त्याचे आकडे देते. स्टॅनफर्डला २०१४ मध्ये मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी तीच वस्तूंच्या उपयोगांची चाचणी बसून आणि चालताना घेतली, चालताना कल्पना सरासरी ६० टक्क्यांनी वाढल्या, रिकाम्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालले तरी फायदा दिसला. (एकच बरोबर उत्तर असलेल्या कोड्यांना मात्र चालून फायदा झाला नाही, म्हणून गणिताचा पेपर सोडवताना फेऱ्या मारू नका.) जर्मनीत २००४ च्या एका प्रयोगात लोकांना आकड्यांचं लांबलचक काम दिलं ज्यात एक लपलेला शॉर्टकट होता. मध्ये रात्रभर झोपलेल्यांपैकी ५९ टक्के लोकांना तो सापडला, तेवढाच वेळ जागं राहिलेल्यांपैकी २३ टक्क्यांना. पॅरिसमध्ये २०२१ ला असंच काम दिलं आणि नुसती डुलकी, झोपेचा अगदी पहिला पातळ थर, १५ सेकंद जरी लागला तरी ८३ टक्के लोकांना शॉर्टकट सापडला, जागे राहिले त्यांच्यात ३० टक्के. गाढ झोपेत गेले त्यांच्यात उलट १४ टक्केच. म्हणजे दुपारची एक डुलकी जे आकडे इतके हलवते ते ४४ टक्के म्हणून कायमचे छापून द्यायचे? क्लासेस आणि होमवर्कपायी नववीतल्या मुलांची झोप पाच-सहा तासांवर आलीय, रिपोर्टच्या त्या जाडजूड पानांत झोपेबद्दल एक ओळ नाही. मला ही सगळ्यात मोठी उणीव वाटते.

मग इतके पालक खूश का असतात? ताई पण पहिल्या दिवशी खूश होती, म्हणाली अगं किती बरोबर लिहिलंय. मी तिला ते वाक्य परत वाचून दाखवलं: 'तुमची मुलगी ओळखीच्या लोकांत मोकळी असते पण कधी कधी तिला एकटं राहायला आवडतं, तिच्यात क्षमता खूप आहे पण ती पूर्ण वापरली जात नाही.' आणि विचारलं, आता हेच माझ्याबद्दल आहे समज, तुझ्याबद्दल आहे समज, भाऊजींबद्दल. तिघांना फिट्ट बसलं. बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना पर्सनॅलिटी टेस्ट दिली आणि नंतर प्रत्येकाला 'तुझा वैयक्तिक रिपोर्ट' म्हणून अगदी तेच एक वर्णन वाटलं, त्यातली बरीच वाक्यं राशिभविष्याच्या पुस्तकातली. विद्यार्थ्यांनी अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ मार्क दिले. सोसायटीतल्या बायकांना रिपोर्ट पटला यात त्यांची काही चूक नाही, माणसाचं मन असंच चालतं, आणि आपल्या मुलाबद्दल कुणीतरी एवढं विचार करून लिहिलंय म्हटल्यावर कुठल्या आईला आवडणार नाही. पण राशिभविष्याने कोणाची स्ट्रीम ठरत नाही. इथे ठरते, म्हणून मला हे गंभीर वाटतं.

मुलांवर लेबलचा परिणाम होतो यात शंका नाही. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांचा १९९८ चा अभ्यास आहे, पाचवीतल्या मुलांना 'तू हुशार आहेस' म्हटलं तर पुढे ती सोपी कामं निवडायला लागली आणि अवघड आलं की त्यांचा उत्साह गेला, ज्यांच्या मेहनतीचं कौतुक केलं ती टिकून राहिली. हे चांगल्या लेबलचं, तर 'इमॅजिनेशन कमी'चं काय होत असेल? टेरेसा अ‍ॅमाबिले यांचा १९८५ चा प्रयोग पण मला फार बोलका वाटतो: ७२ तरुण लिहिणाऱ्यांना कविता करायला दिल्या, मध्ये काही जणांना लिहिण्याच्या बाहेरच्या कारणांचा, पैसा, शाबासकी, अ‍ॅडमिशन, फक्त विचार करायला लावला, तर त्यांच्या पुढच्या कविता परीक्षकांना कमी क्रिएटिव्ह वाटल्या. ज्या गोष्टीसाठी मूल जेवण विसरतं, ती गोष्ट टक्क्यांत आणि करिअर ऑप्शनच्या तक्त्यात बसवली की तिथलं काहीतरी हातातून जातं. आमच्याकडे रिपोर्ट आल्यावर मातीचा डबा काही दिवस उघडला नव्हता, ताईच्याही ते लक्षात आलं आणि मग तिलाच वाईट वाटलं.

रिपोर्टनंतर पुढचं पॅकेज सुचवतात, 'राइट ब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'चा कॅम्प, वेगळी फी. त्यात डाव्या हाताने लिहायला लावतात, उलटी अक्षरं काढायला लावतात. डाव्या हाताने लिहिल्यावर उजवीकडचा हाताची हालचाल सांभाळणारा भाग कामाला लागतो, इतकंच. त्याने कल्पनाशक्ती वाढते असं काही नाही. मुलांना मजा येत असेल तर मजा म्हणून पाठवा, पण ते पैसे माझ्या हातात असते तर मी माती, कागद, एक चांगला मोबाइल स्टँड, बालनाट्याची चार तिकिटं आणि वाचनालयाची वर्षाची फी यावर घातले असते, कारण नवीन कल्पना जुन्याच साठ्यातल्या गोष्टी नव्याने जोडून येतात आणि साठाच नसला तर जोडणार काय.

आता दोन स्टार कशाला दिले ते. एक तिथल्या काउन्सेलर मॅडमना. रिपोर्ट बाजूला ठेवून त्या भाचीशी पंधरा-वीस मिनिटं नुसतं बोलल्या, तिची एक फिल्म मोबाइलवर पूर्ण बघितली आणि ताईला म्हणाल्या, "हिला हे करू द्या, थांबवू नका." म्हणजे त्यांच्याच रिपोर्टच्या विरुद्ध! त्या तासातला तेवढा भाग साडेचार हजारांच्या तोलाचा होता. दुसरा स्टार वेळ पाळणं, स्वच्छता आणि स्कॅन घेणाऱ्या त्या मुलाच्या संयमाला. टेस्टला म्हणून शून्य.

खरंच गोंधळ असेल, सायन्स की आर्ट्स की डिझाइन, तर जिथे प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ मुलाला प्रत्यक्ष प्रश्न, कोडी, कामं देऊन अ‍ॅप्टिट्यूड बघतात तिथे जा. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका आहे, वर ज्या गिलफर्डांचं नाव घेतलं त्यांच्या बुद्धीच्या मॉडेलवर तिथे खूप काम झालेलं आहे. टेस्ट कुणाचीही असो, विचारा की चाचणी कोणत्या मुलांवर प्रमाणित केली, घेणाऱ्याचं शिक्षण काय, आणि परत दिली तर निकाल बदलतो का. 'आयुष्यात एकदाच' असं उत्तर आलं तर उठा.

ज्यांनी आधीच टेस्ट केलीय त्यांनी टक्क्यांची पानं मुलाच्या हातात देऊ नका आणि नातेवाइकांसमोर आकडे बोलू नका, एवढी विनंती. आणि जे भरणार आहेत त्यांनी पावतीची मागची बाजू वाचा. आमच्याकडून कॅम्पचे दीड हजार अ‍ॅडव्हान्स घेतले होते, ताईने दुसऱ्याच दिवशी कॅन्सल केलं तर बारीक अक्षरातला 'नॉन-रिफंडेबल' दाखवला. तीन-चार फोन आणि एक लेखी मेल केल्यावर निम्मे परत मिळाले, तेव्हा कॅम्पचं नाव काढलं तर अ‍ॅडव्हान्स देऊ नका, घरी विचार करून सांगतो म्हणा आणि निघा.